मागणीपत्र कुणी दिलं?

आमच्या निगडी प्राधिकरणात एक दिवसाआड पाणी, त्यामुळे कंपाउंडवरच्या गप्पाही एक दिवसाआडच. मी टाकीवर नजर ठेवून अलीकडे, काका जास्वंदीला पाइप लावून पलीकडे. काका निवृत्त कामगार. एके काळी युनियनच्या कमिटीत होते आणि पगारवाढीच्या करारांवर त्यांच्या सह्या आहेत. हे कॉलनीत ज्याला माहीत नाही तो परवाच राहायला आलेला असणार.

"अगं, तुझ्या लेकाचं काय बिनसलंय? काल भक्ती-शक्ती चौकात कंपनीच्या बसमधून उतरला, मी हाक मारली तर मोबाइलमधून मान वर नाही."

"फुटबॉल हो काका. इंडियन सुपर लीग, आयएसएल. जुलैपासून ठप्प होतं. आता क्रीडामंत्री मांडवियांनी सांगितलंय, १४ फेब्रुवारी २०२६ पासून सुरू."

"म्हणजे टाळेबंदी! मालक कोण?"

झालं. आता टाकी वाहिली तरी सुटका नव्हती. लेकाकडून रोज रात्री जेवताना ऐकलेलं सगळं ओतलं. भारतीय फुटबॉल फेडरेशनने २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा करार केला, ७०० कोटींचा. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. पुढचं काही ठरेना, म्हणून लीग चालवणाऱ्या कंपनीने ११ जुलैला क्लबांना कळवलं, तूर्त थांबा.

"करार संपायच्या आधीच कुलूप? आमच्यात करार संपला तरी लाइन चालू असायची. मागणीपत्र, बोलणी, बोलणी फिसकटणं, काळ्या फिती, द्वारसभा, आणि मग कधीतरी सही. फरकासकट!" 'फरक' म्हणताना काकांचा चेहरा अजूनही फुलतो. "बरं, खेळाडूंचं मागणीपत्र काय होतं?"

"त्यांचं नव्हतंच. भांडण फेडरेशनचं आणि कंपनीचं. त्यात फेडरेशनच्या घटनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, त्याचा निकाल सप्टेंबरात. मग टेंडर काढलं, वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा उत्पन्नाचे पाच टक्के, जे जास्त असेल ते. ७ नोव्हेंबरला मुदत संपली, बोली एकही नाही."

"एकही नाही? चाकणला भंगाराचं टेंडर निघालं तर डोकी फुटतात!"

"आणि बेंगळुरूच्या क्लबने तर ऑगस्टमध्येच खेळाडूंचे पगार थांबवले. सुनील छेत्रीसुद्धा त्यात आला."

"छेत्री? २०१८ च्या सेमीफायनलला आपल्या पुण्याला तीन गोल घालणारा? बिचारा." एवढा उदारपणा काका शेजाऱ्यांना दाखवत नाहीत. "पण युनियन काय करत होती?"

"बायचुंग भुतियाच्या वेळची खेळाडूंची संघटना आहे की, २००६ ची. पण करार दोघा मालकांचा, त्यावर तिची सही कशी असणार? शेवटी जानेवारीत छेत्री, गुरप्रीत, झिंगन सगळ्यांनी व्हिडिओ काढून फिफाला साकडं घातलं."

"कामगार आयुक्त सोडून एकदम झुरिकला!" काकांनी पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला. "तुला २०१३ चा बजाजचा संप आठवतो? चाकणला, पन्नास दिवस. मागणी काय, तर माणशी पाचशे शेअर, एक रुपयाला एक. लोक हसले. शेअर मिळालेही नाहीत. पण चहाच्या टपरीवरच्या पोऱ्यालाही पाठ होतं, कोण काय मागतंय ते. तुझा लेक सहा महिने मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, तो नक्की कुणाच्या बाजूने?"

हे मात्र मलाही सांगता येईना. अमेरिकेचं सांगून पाहिलं. त्यांचा तो हातात धरून पळायचा फुटबॉल, एनएफएल; २०११ मध्ये मालकांनी चार महिन्यांहून जास्त टाळं लावलं होतं, नऊ अब्ज डॉलरच्या वाटणीवरून. खेळाडू कोर्टात गेले, प्रेक्षक दोन्हीकडचा हिशोब मांडत बसले, आणि शेवटी दहा वर्षांचा करार झाला.

"दहा वर्षांचा? कमिटी कच्ची होती. तीनच्या वर सही करायचीच नाही." एनएफएलचा निकाल लावून काका घरच्या विषयावर आले. "आणि आपल्या पुण्याची टीम कुठे असते सध्या?"

"ती २०१९ लाच मिटली. तिची जागा हैदराबादला गेली. आणि तीही टीम आता दिल्लीला हलवली."

"प्लांट शिफ्ट!" काका जवळजवळ आनंदाने ओरडले. "मग बालेवाडीच्या स्टेडियमवर जाऊन ओरडणाऱ्या पोरांनी काय करायचं? दिल्लीला?"

"आमच्याकडचा गोव्याच्या मागे लागलाय. यंदा एकेकदाच खेळायचं म्हणे, एकूण ९१ मॅच. म्हणून मोबाइल सुटत नाही, कुठली मॅच कुठे ते बघतोय."

"बघू दे. पण त्याला म्हणावं, वेळापत्रक लागलं म्हणजे तंटा मिटला असं नसतं. पुढच्या वर्षीचा करार कुणाशी, किती वर्षांचा, थकलेल्या महिन्यांचं काय?" काकांनी बोटांवर कलमं मोजायला घेतली आणि मध्येच थांबून म्हणाले, "मागणीपत्राचा मसुदा मी लिहून देतो. छेत्रीपर्यंत पोचवायचा कसा, तेवढं लेकाला विचार."