डावं पुढचं शून्य

डेट्रॉइट शहराने जगाला मोटारी दिल्या आणि त्या मोटारी खाऊन टाकायची सोयही स्वतःच करून ठेवली. शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, सुमारे दीड हजार एकर पसरलेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो आटला, मीठ उरलं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ फेकतात. बर्फ वितळतो, मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं, गाडी गंजते आणि माणूस नवी गाडी घ्यायला निघतो. धंद्याची दोन्ही टोकं एकाच गावाने धरलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आमच्या भाच्याने मात्र नवी घेतली नव्हती. त्याच्याकडे वीसेक हिवाळे पचवलेली पिकअप आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर आणि ढोल वाहायला ती घेतलेली. गणपती वर्षातून एकदाच येतात. एरवी पाहुणे वाहते. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पाहुणे होतो आणि उत्तरेला मॅकिनॉ बेटावर जायचं ठरलं होतं.

मिशिगनची माणसं नकाशा खिशात नाही, हातात बाळगतात. राज्याचा आकार हातमोज्यासारखा आहे म्हणे. भाच्याने उजवा तळवा पुढे धरला. "मामी, हे अंगठ्याच्या खाली आपण. हे मधल्या बोटाचं टोक, इथे पूल. मध्ये तीनशे मैल." हिने चष्मा लावून तळवा नीट पाहिला आणि म्हणाली, "आयुष्यरेषा चांगली लांब आहे रे." पुढच्या प्रवासात मला एवढाच काय तो आधार होता.

पंच्याहत्तर नंबरच्या हायवेवर गाडी झकास चालली. हायवेवर ब्रेक लागतोच कुठे? फ्रँकनमुथला उतरलो तेव्हा कळलं. हे जर्मन वळणाचं गाव. इथे नाताळच्या सामानाचं अवाढव्य दुकान आहे, ते भर जूनमध्येही जोरात चालतं. चौकात थांबायची पाटी आली, भाच्याने हलकेच ब्रेक दाबला. गाडी मंदावली, अगदी थांबायच्या बेतात आली, आणि पायाखालून टर्रर्र असा आवाज होऊन पुन्हा चालायला लागली! पांढरी रेषा ओलांडून हातभर पुढे गेल्यावर उभी राहिली. समोरून चाललेल्या आजीबाईंनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती समजायला इंग्रजी यावं लागत नाही.

"एबीएस," भाचा म्हणाला. "बर्फावर चाक अडकून घसरू नये म्हणून ते ब्रेक सेकंदाला कितीतरी वेळा सोडतं, पकडतं."

"बर्फ कुठाय?" हिने विचारलं.

बर्फ नव्हता. रस्ता कोरडा ठणठणीत, वर घामाच्या धारा. जर्मनीत १९७८ साली ही युक्ती महागड्या मोटारींत बसवायला लागले, तेव्हा ती जूनमध्ये अशी वापरली जाईल असं कोणाच्या मनात आलं नसावं.

भाच्याने मंडळातल्या मित्रांना फोन लावले. डेट्रॉइटकडे मराठी माणूस बहुधा मोटारीच्या एखाद्या भागाचा इंजिनिअर असतो, त्या एका भागापुरता सर्वज्ञ. ब्रेकपॅडवाला म्हणाला, सॉफ्टवेअर बघ. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, पॅड बदल. आमचा भाचा पुढच्या काचेच्या वायपरवर काम करतो. त्याने तो चालवून पाहिला, तो उत्तम होता. मग त्याने स्टिअरिंगखाली खोचायचं छोटं यंत्र काढलं. यंत्र म्हणालं, दोष नाही. पॅड बदलावेत, मास्टर सिलिंडर बदलावा असं करत करत त्याचं बजेट गाडीच्या किमतीच्या पुढे गेलं, तेव्हा आम्ही पुढे निघालो. प्रत्येक चौकात तो रेषेच्या खूप अलीकडेच ब्रेक दाबायचा आणि टर्रर्र होऊन बरोबर रेषेवर पोचायचा. माणूस कशालाही सरावतो.

ग्रेलिंगला एक गॅरेज सापडलं. भिंतीवर हरणाचं मुंडकं, खाली टोपी घातलेले म्हातारेबुवा. छोटं यंत्र पाहून ते हसले. "हे फक्त इंजिनाची भाषा बोलतं. ब्रेकचं त्याला कळत नाही." त्यांनी आपलं मोठं यंत्र लावलं. तेही म्हणालं, दोष नाही! डॅशबोर्डवरचा पिवळा दिवाही लागलेला नव्हता. भाचा खचला; म्हातारेबुवा उलट खूश झाले. दिवा लागेल कसा? संगणकाच्या मते तो अगदी बरोबर वागतोय. त्याला वाटतंय चाक अडकलं, म्हणून तो ब्रेक सोडतोय. आपलं चुकत नाहीच अशी ज्याची खात्री, तो तक्रार कशाला नोंदवेल? (या जातीची माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली, त्यांनाही दिवा नसतो.)

मग त्यांनी भाच्याला चक्राशी बसवलं आणि यंत्र माझ्या मांडीवर दिलं. पडद्यावर चार चाकांचे चार वेग. अंगणात गाडी हळूहळू चालवायची आणि मी आकडे वाचायचे. मी मराठीत सुरू झालो. "डावं पुढचं आठ, उजवं पुढचं आठ, मागची आठ... सहा, सहा, सहा... डावं पुढचं शून्य!" त्याच क्षणी टर्रर्र. बाकीची तीन चाकं पाचच्या वेगाने चाललेली आणि डावं पुढचं म्हणे जागच्या जागी उभं. पुन्हा फिरलो, पुन्हा तेच. म्हातारेबुवांना मराठी येत नव्हतं, पण तिसऱ्या फेरीला 'शून्य' ते माझ्याआधी म्हणाले.

चाक काढलं. हबवर वेग मोजणारा बोटभर सेन्सर असतो, त्याच्यासमोर दातेरी कडं फिरतं. सेन्सरच्या बुडाखाली मिठाने गंज धरला होता, गंज फुगला होता आणि सेन्सर कड्यापासून वर उचलला गेला होता. जुन्या पद्धतीच्या सेन्सरची वीज चाकाच्या वेगावर अवलंबून. माईकपासून तोंड लांब धरणाऱ्या वक्त्यासारखं त्याचं होतं, ओरडला तर ऐकू येतं, आवाज उतरला की सभा संपली. सेन्सरची वायर मीटरवर तपासली, ती ठणठणीत. म्हातारेबुवांनी सेन्सर उपसला, पॉलिश पेपरने बैठक घासून चकचकीत केली, गंजरोधक लावला आणि सेन्सर परत बसवला. नवा सुटा भाग एकही नाही. भाच्याचा चेहरा पडला. मास्टर सिलिंडर बदलायची त्याने मनाची तयारी केली होती.

"आणि हे जमलं नसतं तर?" मी विचारलं.

"एबीएसचा फ्यूज काढायचा. दिवा पेटतो, साधे ब्रेक चालतात. पण ते घरी पोचण्यापुरतं."

यानंतर भाच्याने गाडी थांबवण्याचा सपाटा लावला. रेषा दिसली की थांब, नसली तरी थांब. मागचे हॉर्न वाजवायचे, हा खिडकीतून अंगठा दाखवायचा. १९५७ साली वाहतुकीला खुला झालेला मॅकिनॉ पूल पाच मैल लांब आहे; आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे आणि तिच्यातून खालचं पाणी दिसतं. तिथे तरी थांबू नकोस अशी हिने त्याला शपथ घातली. पलीकडे टोलच्या खिडकीशी त्याने गाडी इतकी अचूक उभी केली की आतल्या बाईंना हात लांब करावा लागला नाही. हे तो नंतर फोनवर ब्रेकपॅडवाल्याला सांगत होता.

सेंट इग्नेसहून बेटाची बोट सुटते. तिकिटाच्या रांगेत भाच्याने विचारलं, गाडीचं तिकीट वेगळं का? तिकीट देणारी मुलगी हसली. बेटावर मोटारींना बंदी आहे, १८९८ पासून. तिथे घोडे आणि सायकली. बेटाभोवतीचा राज्य महामार्गसुद्धा त्यांच्याचसाठी.

"म्हणजे गाडी इथेच उभी ठेवायची?" ही म्हणाली. "ती तर आधीही थांबत होती रे, थोडी पुढे."