काटेकोर काका

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक काका दिसू लागतात. माकडटोपी, मफलर, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. सकाळी साडेसहाला गाडी सुरू करायची आणि उभीच ठेवायची. कुठे जायचं असतंच असं नाही. "टेंपरेचरचा काटा वर येऊ दे जरा," म्हणतात. तळमजल्यावरची बिऱ्हाडं खिडक्या लावून घेतात.

उभ्या गाडीचं इंजिन तापायला फार वेळ लागतो, अर्ध्या मिनिटानं निघून हळूहळू चालवली तर लवकर तापतं, हे मुलानं सांगून पाहिलं. पण काकांचं शिक्षण जुन्या पद्मिनी गाडीच्या चोकवर झालेलं. ती थंडीत चोक ओढून गोंजारल्याशिवाय खरंच हलायची नाही. चोक गेला, कार्ब्युरेटर गेला, काका आहेत तिथेच.

खरी गंमत हायवेवर. शहरात कसाबसा चढलेला काटा गार वारा लागताच पुन्हा 'सी'कडे घसरायचा आणि काकांची छाती फुगायची. "आपली गाडी तापत म्हणून नाही!" हीटरमधून गार झुळका येत, काकू शालीत मुटकुळं करून बसत. ॲव्हरेज घसरलं तर, "पंपावर मापात मारतात." पंपवाल्यांची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर क्वचितच येते, पण इथे ते बिचारे निर्दोष होते. एका मे महिन्यात गाडी तापली तेव्हा मेकॅनिकनं थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. "आपल्याकडं लागत नाय, साहेब." हा छोटासा व्हॉल्व्ह कूलंट साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापेतो रेडिएटरची वाट अडवून धरतो. तोच नाही म्हटल्यावर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरची हवा खाऊन येणार. इंजिन ऊब धरत नाही, आणि गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं.

शेवटी काकूंच्या तगाद्यानं मुलानं नवा थर्मोस्टॅट बसवून आणला. काट्यानं सरळ मधोमध ठाण मांडलं. धडधाकट इंजिनाचा काटा बहुतेक गाड्यांत तिथेच असतो. कूलंट पाच-दहा अंश इकडेतिकडे झालं तरी बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच हलू देत नाहीत, चालवणाऱ्याचा रक्तदाब वाढू नये म्हणून.

काकांचा वाढला. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर त्यांचं लक्ष काट्याकडे गेलं.

"अगं, गाडी तापली!"

कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि पेपरनं इंजिनाला वारा घालायला लागले. मागून ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न. आत काकू त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच शाल काढून निवांत बसल्या होत्या.

"बसा हो आत, काही झालेलं नाही तिला."

पण काकांनी एव्हाना जुन्या मेकॅनिकला फोन लावला होता. "अरे, पोरानं काहीतरी बसवलंय बघ. उद्या येतो, काढून टाक!"