वारसा, सोयीच्या धक्क्यावर

एलिफंटा महोत्सव काही वर्षी घारापुरीऐवजी गेटवे ऑफ इंडियापाशी भरवला गेला, हे आयोजकांच्या दूरदृष्टीला साजेसंच झालं. लेणी पाहायची तर तासभर लाँच, पुढे शंभरावर पायऱ्या. गेटवेला टॅक्सी थेट येते.

यामागे परंपराही आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. आता तो जोडलेल्या अवस्थेत भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. हत्ती गेला, महोत्सव गेला. सुमारे वीस फुटी सदाशिव तेवढा अजून बेटावर अडकून पडलाय. त्यालाही एखाद्या वातानुकूलित सभागृहात हलवण्याबाबत समितीने सकारात्मक विचार करावा.

उरण तालुक्यातल्याच करंजा गावाने यातून बोध घ्यावा. डोक्यावर द्रोणागिरी किल्ला, १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून उरण घेतल्याचा इतिहास. पण किल्ला ठेवलाय डोंगरावर! प्रमुख पाहुण्यांनी चढायचं कसं? बुरूज पायथ्याशी, शक्यतो पार्किंगलगत, उतरवून घ्यावेत.

घारापुरीची लेणी १९८७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवली. समुद्राखालच्या केबलने बेटावर वीज आली २०१८ मध्ये. मधली एकतीस वर्षं राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदरच्या ग्रामस्थांनी जनरेटर बंद झाल्यानंतरचा अस्सल प्राचीन अंधार जसाच्या तसा जपला. गेटवेच्या व्यासपीठावर त्यांचा सत्कार तेवढा राहून गेला.