एकखांबी तंबूच्या खांबास अनावृत पत्र

श्रीमंत राउटरसाहेब,
मुक्काम टीव्हीचा शोकेस, सोपा, शिवाजी पेठ, कोल्हापूर.

स. न. वि. वि.

आपल्या आठ अँटेना आणि खोक्यावर छापलेलं ‘संपूर्ण घरासाठी’ हे वचन पाहून आपल्याला इथे आणलं जातं. ‘जगात भारी’ ही पदवी ज्या गावाने स्वतःकडे राखून ठेवली आहे, तिथे अष्टभुज दैवताचं स्वागत व्हायचंच. पुढे काय होतं तेही ठरलेलं. सोप्यात रेंज फुल्ल, माजघरात निम्मी, आणि स्वयंपाकघरात मोबाइलवर नुसतं गरगरणारं चक्र. मग घरात एकमताने निर्णय होतो, की आपल्याला काढून आपल्याहून दांडगा गडी आणायचा. तो निर्णय चुकीचा आहे आणि आपला त्यात फारसा दोष नाही, हे कुणीतरी आपली बाजू घेऊन सांगायला हवं. बाजू घेतल्यावर आपली सत्ता थोडी कमी करावी लागेल, एवढं गोड मानून घ्यावं.

पेठेतलं जुनं घर रुंदीला आखूड आणि लांबीला ऐसपैस. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परडं. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दीड-दोन फूट जाडीच्या. त्यावर मागाहून चढवलेला आरसीसी मजला, म्हणजे स्लॅबमध्ये सळयांची जाळी. आपल्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास आणि ५ गिगाहर्ट्झची जेमतेम सहा. केंद्र सरकारने २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला, त्याने घरातला वेग वाढला खरा. पण ही वेगवान लहर भिंतीपुढे जास्तच नाजूक. दगड तिला गिळतो, लोखंडी कपाट परतवून लावतं, आरशामागचा धातूचा मुलामा आणि पाण्याची टाकी आपापला वाटा घेतात. आणि आपली नेमणूक कुठे झाली? फायबरवाल्याची वायर ज्या भोकातून आत आली त्याच्या शेजारी, घराच्या एका टोकाला. राजधानी सरहद्दीवर ठेवून राज्यभर हुकूम चालावा, ही अपेक्षा आपण तरी का बाळगावी?

आपले भक्त यावर एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात. आकाशवाणी सांगली पन्नासेक किलोमीटरवरून याच दगडी घरात, याच स्वयंपाकघरात खणखणीत ऐकू यायची. मग बारा पावलांवरचा राउटर का पोहोचू नये? मुद्दा चांगला आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. पहिलं म्हणजे मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. तिच्या हिशेबी आपल्या माजघराची भिंत ही अडचणच नव्हे. पण खरी गोम दुसरीकडे आहे. रेडिओला सांगलीला उलट उत्तर द्यायचं नव्हतं. मोबाइलला प्रत्येक क्षणी द्यावं लागतं. ‘पोहोचलं’ अशी पावती त्याच्याकडून आली नाही, तर आपण तेच पॅकेट पुन्हा पाठवता, पुन्हा पाठवता, आणि शेवटी वेगच खाली आणता. आपण भिंतीतल्या विजेवर जगता. मोबाइल चिमुकल्या बॅटरीवर, चिमुकल्या अँटेनावर. आपला आवाज दुप्पट केला तरी त्याची कुजबुज तेवढीच राहते. म्हणून तर स्वयंपाकघरात रेंजच्या दोन कांड्या दिसतात, तरी व्हिडिओ कॉल अडकतो. कांड्या दाखवतात त्या आपल्या आवाजाच्या. मोबाइलचा आवाज आपल्यापर्यंत किती पोचतो, हे त्यांना ठाऊकच नसतं. दांडगा राउटर आणून फक्त बोलणारा बदलतो, ऐकण्याची अडचण तिथेच.

याचा पुरावा गावभर उभा आहे. मोबाइल कंपन्यांनी जोतिबाच्या डोंगरावर एकच गगनचुंबी मनोरा उभारून सगळ्या कोल्हापूरवर रेंज सोडली नाही. पेठापेठांत गच्च्यांवर आटोपशीर टॉवर बसवले. घरातही तेच करायचं. सोप्यात एक, स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक, वरच्या मजल्यावर जिन्यापाशी एक, असे वायफाय सोडणारे तीन छोटे डबे, म्हणजेच अ‍ॅक्सेस पॉइंट. प्रत्येकाकडे आपल्याकडून निघालेली कॅट-६ केबल. ती एका दमात शंभर मीटरपर्यंत चालते, पेठेतलं कुठलं घर तेवढं लांब आहे? पीओई स्विच घेतला तर वीजही त्याच केबलमधून जाते. मग लाइट गेली तरी आपण आणि स्विच इन्व्हर्टरवर असलात की सगळं घर चालू. (२०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आला, त्यांनी मुख्य डबा वरच्या मजल्यावरच ठेवावा.)

आता आक्षेप. ‘एवढा खटाटोप कशाला, रिपीटर लावू’ हा सगळ्यात लोकप्रिय. स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्यात लोक तो बरोबर तिथेच लावतात जिथे मुळात काहीच पोहोचत नाही. जे आलंच नाही ते तो पुढे काय पाठवणार? मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या डब्यांची साखळी, हा त्याचा शहाणा भाऊ, पण बिनतारी जोडलेल्या मेशलाही तीच दगडी भिंत ओलांडायची असते. केबलने जोडला तर मात्र तो गुणी आहे. ‘भिंती फोडाव्या लागतील’ म्हणणाऱ्यांनी घरभर फिरलेली लाइट फिटिंगची पट्टी एकदा पाहावी. तशीच दुसरी पट्टी मारायला इलेक्ट्रिशियनला फार तर दुपार लागेल. खर्चाची चिंता असेल तर कपाटात पडलेला जुना राउटरही चालतो. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं, पत्ता आपल्याहून वेगळा द्यायचा, आणि केबल त्याच्या वॅन नव्हे, लॅन पोर्टमध्ये खोचायची. डबे वाढले की रेडिएशन वाढेल, ही वडीलधाऱ्यांची भीती. पण जवळच्या अ‍ॅक्सेस पॉइंटशी मोबाइलचं काम चटकन उरकतं. लांबच्याशी तो तेच तेच पाठवत बसतो, आणि तो असतो माणसाच्या हातात.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. डबे वाढवले म्हणजे भलं होतंच असं नाही. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. तिन्ही डबे एकाच चॅनेलवर पूर्ण ताकदीने सोडले तर घरातच भाऊबंदकी सुरू होईल, शेजारचे वेगळेच. तेव्हा चॅनेल वेगवेगळी, २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झच, आणि ताकद मुद्दाम कमी. ताकद कमी करायला कुणाचा हात धजत नाही, पण मोबाइलने कुठला डबा धरायचा हे ठरवतो मोबाइल, आणि स्वभावाने तो चिकट. सोप्यातला आवाज मागपर्यंत घुमत राहिला तर तो स्वयंपाकघरातही सोप्यालाच लटकून राहतो. नाव आणि पासवर्ड मात्र सगळीकडे एकच असावा.

सारांश, आपली बदली आहे, बडतर्फी नाही. पत्ते वाटण्याचा अधिकार आपल्याचकडे राहील, बाहेरच्या जगाशी व्यवहारही आपलाच. फक्त दगडाशी कुस्ती आता बंद.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : डोक्यावरचा क्रोशाचा रुमाल काढायला सांगावा. त्याने लहरी अडत नाहीत, पण आपण उगाच तापता.