पिवळी मारबत गोरी करण्याची घरगुती पद्धत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात महाल-इतवारीतून मारबती आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक निघते. ती मिरवणूक मोबाइलमध्ये टिपत नाही, असा नागपूरकर आता शोधावा लागेल. पण काढलेला फोटो आहे तसाच ठेवणं हा निव्वळ आळस झाला. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर, कूलर आणि मोकळा रविवार आहे, त्यांनी पुढील क्रमाने फोटोची सुधारणा करावी.

१. फोटो मागवणे. चांगला फोटो नेहमी भाच्याकडेच असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखाच मागवावा, म्हणजे वाटेतच आटून निम्म्याहून लहान होतो आणि आपलं काम हलकं होतं. ‘मामा, डॉक्युमेंट म्हणून पाठवू का? मूळ फाइल येते,’ असं भाचा म्हणालाच, तर ‘लय शाना झाला का बे?’ एवढं विचारून विषय संपवावा.

२. नाव देणे. देऊ नये. कॅमेऱ्याने फाइलच्या पोटात लिहिलेली तारीख व्हॉट्सअ‍ॅपने आधीच पुसलेली असते. वर्ष ओळखायचंच झालं, तर बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचावी. पाटीवर महागाई असेल, तर कुठलंही वर्ष धरलं तरी चालतं.

३. ‘ऑटो’चं बटण दाबणे. रंग आपोआप सुधारणारे बरेच प्रोग्राम असं धरून चालतात, की चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी करड्याच्या आसपास यावी. समोर सगळीकडे पिवळंच दिसलं, की दोष बल्बचा आहे असं समजून ते निळा रंग ओततात. पिवळी मारबत क्षणात गोरी होते. काळ्या मारबतीला हाच प्रोग्राम अंधारात काढलेला फोटो समजतो आणि उजळून राखाडी करतो. दोघींमध्ये फरक उरत नाही. सामाजिक समता म्हणतात ती हीच.

४. कॉन्ट्रास्ट ताणणे. साध्या फोटोत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. पट्टी उजवीकडे नेत राहावी. मारबतीच्या दागिन्यांची चमक २५५ला टेकली, की तिथलं नक्षीकाम पांढऱ्यात विरघळतं. ते सेव्ह केलं, की पट्टी मागे आणूनही नक्षी परत येत नाही. आता शार्पनचा हात फिरवावा. प्रत्येक डोक्याभोवती पांढरी कड उमटते आणि ढोल-ताशावाले संतांसारखे दिसू लागतात.

५. वरचेवर सेव्ह करणे. १९९२ साली मान्य झालेलं जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतं. थोडा बदल करा, सेव्ह करा, उघडा, पुन्हा बदल करा. दर खेपेला आणखी थोडं गळतं आणि चौकोन दिसू लागतात. पीएनजी किंवा टिफमध्ये सेव्ह केल्यास काहीच गळत नाही, म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये. फायली उगाच मोठ्या होतात.

६. एआयने चेहरे उजळवणे. गर्दीतला चेहरा चार ठिपक्यांचा असेल, तर उरलेला चेहरा प्रोग्राम अंदाजाने रचतो. आत्याला परक्या बाईचे दात बसतात. दात सुंदर असतात, त्यामुळे आत्या तक्रार करत नाही.

७. जपून ठेवणे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा जाणकारांचा नियम आहे. आपण एकच प्रत ठेवावी, तीही कूलरच्या फवाऱ्यात बसलेल्या कॉम्प्युटरवर. मूळ फाइल डिलीट करावी. मिरवणुकीनंतर मारबतही जाळतातच.

इतकं केल्यावरही भाचा स्वतःचा उद्योग दाखवेल. मूळ फाइल बाजूला ठेवून त्याने प्रतीवर काम केलेलं असतं. एका काकांच्या पांढऱ्या टोपीवर क्लिक करून रंगाचा तोल साधलेला असतो, सावली किंचित उचललेली असते आणि तिथेच थांबलेला असतो. त्याच्या फोटोत पिवळी मारबत पिवळी दिसते. ‘मग तू केलं काय?’ असं सर्वांसमक्ष विचारून त्याला निरुत्तर करावं.