दिव्याखाली रायगड

विजेच्या बाबतीत रायगड जिल्ह्याचा हात धरणारा कोणी नाही. 1915 साली टाटांनी खोपोलीत पाण्यावर वीज केली आणि थेट मुंबईच्या गिरण्यांना धाडली. पुढे भिवपुरी झालं, भिरा झालं. उरणला वायूवर चालणारं 672 मेगावॉटचं केंद्र आलं. गॅस मिळाला की तेही चालतं. एवढं सगळं झाल्यावर जिल्ह्यातल्याच घारापुरी बेटावर वीज पोहोचली फेब्रुवारी 2018 मध्ये. खोपोलीपासून मोजलं तर 103 वर्षं. केबल समुद्राखालून टाकायची होती, साडेसात किलोमीटर. इतक्या खोलात सरकार सहसा जात नाही.

त्याआधी शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन गावांची मदार पर्यटन महामंडळाच्या डिझेल जनरेटरवर. संध्याकाळी तीनेक तास वीज. त्यातच पोरांचा अभ्यास, मोबाइलचं चार्जिंग आणि सासू-सुनांच्या मालिका. समोर न्हावा-शेवा बंदर आणि मुंबई रात्रभर लखलखायची. ते बघायला पैसे पडत नव्हते, हीच काय ती सवलत.

आता बेटावर ऊन मुबलक, वारा भरपूर, भरती-ओहोटी दिवसातून दोनदा ठरल्या वेळी. आणि अशाच ऊर्जेसाठी राज्यात 1986 पासून ‘महाऊर्जा’ हे सरकारी अभिकरण कामाला लागलेलं. पण त्याचं मुख्यालय पुण्यात. पुण्यात भरती फक्त नोकरीची असते. समुद्राच्या भरतीची वेळ कळली नाही, यात अभिकरणाचा काय दोष?

मग 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागचे खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. सरकारं यातून धडा घेतातच. 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर’ आलं : छपरावर तीन किलोवॅटचं पॅनेल बसवा, 78 हजार अनुदान घ्या.

फक्त एक बारीक गोष्ट. लाइन गेली की हे पॅनेलही बंद पडतं. तारेवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि ते योग्यच आहे. लाइन नसताना दिवे हवेत तर बॅटरी हवी. पण अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीचं ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे उद्या पुन्हा वादळ होऊन गेलं, आकाश निवळलं, की डोक्यावर टळटळीत ऊन, छपरावर अनुदानित पॅनेल आणि खाली मिक्सर बंद म्हणून आजी पाट्यावर खोबरं वाटतेय. शाश्वत ऊर्जा म्हणतात ती हीच. पाटा-वरवंट्याला आजवर कधी लोडशेडिंग लागलेलं नाही.

तेव्हा मायबाप सरकार, निदान किनाऱ्यावरच्या शाळा, दवाखाने आणि नळाच्या पंपांना आधी बॅटऱ्या द्या. उद्घाटनाची फीत सावकाश कापू. वादळ काही पोर्टलवर अर्ज मंजूर होईपर्यंत थांबत नाही.