शंभर लिटरचा संसार

गाडीच्या माहितीपत्रकातली एकच ओळ माझ्या बायकोनं दोनदा वाचली. ‘स्वच्छ पाण्याची टाकी : १०० लिटर.’ मुलगा पुढं फ्रिज, गॅस, भिंतीतून खाली येणारा पलंग असं सांगत सुटला होता आणि मीही त्याच्याबरोबर सुटलो होतो. ही मात्र त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “पाच हंडे. दोघांना तीन दिवस पुरतील.”

मला हसू आलं. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला शंभर लिटर हा आकडाच वाटत नाही. आमच्यात पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, आणि एकट्या कोयनेत असे १०५ टीएमसी मावतात. सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, म्हणजे ही सगळी टाकी साडेतीन सेकंदांचा विषय. पावसाळ्यात हजारो क्युसेकच्या विसर्गाचे आकडे मी फोनवर सांगायचो, तेही तोंडात पान असताना.

आमचं लग्न ठरवताना घरच्यांनी पत्रिका पाहिल्या, पर्जन्यमान पाहिलं नाही. मी सांगलीचा, कृष्णाकाठचा. ही सातारा जिल्ह्यातली. सातारा म्हटलं की लोकांना कासची फुलं आणि महाबळेश्वरचं धुकं दिसतं. पण महाबळेश्वरात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माणमध्ये पाचशेची मारामार असते. हिचं माहेर माणमध्ये, दहिवडीच्या पुढं. १९७२च्या दुष्काळात ही दुसरीत होती. शाळेतून आली की आडात वाटीवाटीनं साठणाऱ्या पाण्यासाठी कळशी रांगेत लावून बसायची. त्या वयात आम्ही पोरं नदीत उड्या मारत होतो. त्यामुळं पाण्यावरून आमचं घरात कधी पटलं नाही. मी दाढी करताना नळ सोडतो. ही बाहेरून मेन कॉकच बंद करते. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी फुगून हिला म्हटलं, “बघ, सांगली जिल्हा कुठवर पाणी पाजतोय!” “माणला रूळ नाहीत वाटतं,” एवढंच ही म्हणाली.

तर असे आम्ही दोघं, मुलगा श्टुटगार्टला नोकरीला असल्याच्या पुण्याईवर, बारा दिवसांसाठी एका घरगाडीत राहायला गेलो. मुलाला रजा नव्हती. (सुनेनं नंतर सांगितलं की होती.) साडेतीन टनांपर्यंतची गाडी तिथं साध्या परवान्यावर चालवता येते. तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं जातात आणि चालवणारा डावीकडं बसतो, याची मला धास्ती होती. पण रस्ता सांगण्याचं काम हिच्याकडं होतं आणि हिनं आयुष्यात कधी डावं-उजवं म्हटलेलं नाही. “माझ्या बाजूला घ्या,” नाहीतर “तुमच्या बाजूला घ्या.” सांगलीत ‘माझ्या बाजूला’ म्हणजे डावीकडं, तिथं उजवीकडं. देश बदलला, बसायची जागा बदलली, हिचं वाक्य तेच राहिलं आणि ते एकदाही चुकलं नाही. चुकायचो मी, कारण मी त्याचं मनातल्या मनात भाषांतर करायला जायचो. ऑटोबानवर वेगाला सरसकट मर्यादा नाही म्हणतात. त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता. आम्ही एखादा सालस ट्रक बघून त्याच्या मागं ऐंशीनं जात राहायचो.

पहिला मुक्काम एका गावाबाहेरच्या श्टेलप्लाट्झवर पडला. म्हणजे घरगाड्यांचा तळ. तिथं खांबासारखं एक यंत्र असतं. एक युरोचं नाणं टाकलं की शंभर लिटर पाणी येतं. “रुपयाला लिटर,” हिनं हिशेब केला आणि नळीच्या तोंडाशी गळणारे थेंबसुद्धा पातेल्यात धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात शिरलो. न्हाणीघर कसलं, उभं ठेवलेलं गोदरेजचं कपाट. पण पाणी छान गरम होतं. मी सवयीप्रमाणं सात नद्यांची नावं घेत, मध्ये कृष्णा-वारणेला आठवी-नववी म्हणून बसवत सावकाश आंघोळ केली. बाहेर आलो. ही आत गेली. पंप दोनदा खोकला आणि थांबला.

कालव्याचं एक दुखणं असतं. वरच्या अंगाचा, म्हणजे हेडचा शेतकरी पोटभर पाणी घेतो आणि शेवटच्या टोकाला, टेलला, चिखलसुद्धा पोचत नाही. टेलच्या शेतकऱ्यांचे अर्ज मी बत्तीस वर्षं वाचले. ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर झोपेतसुद्धा लिहून देऊ शकतो. ही पंचा गुंडाळून दारात उभी राहिली आणि अर्जदाराच्या आवाजात म्हणाली, “साहेब, टेलला पाणी आलं नाही.”

त्या दिवसापासून कालवा सल्लागार समिती बरखास्त झाली आणि सगळे अधिकार हिच्याकडं गेले. आवर्तनं ठरली. आधी टेल, मग हेड. फवारा बंद, माहेरून आलेला पितळी तांब्या हिनं बॅगेतून काढला. विमानतळावर तो तपासायला उघडायला लावला होता आणि आत चटणीची पुरचुंडी निघाली होती, ते वेगळंच प्रकरण. माणशी पाच तांबे. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ताटं विसळायची, ताटं विसळलेलं पाणी कढईत. भांडी आधी कागदानं पुसायची. (ही युक्ती हिला शेजारच्या गाडीतल्या जर्मन आजीनं दाखवली. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती, कढई दोघींना कळत होती.) डोक्याला साबण लागलेला असताना पाचवा तांब्या संपला तर काय, असं मी विचारलं. “नियमानुसार कार्यवाही होईल,” असं उत्तर आलं.

गंमत म्हणजे टाकी खरंच तीन दिवस पुरली. मला ते गणित अजून सुटलेलं नाही. आवक तीच, साठा तोच, आणि विसर्ग एकदम तिसऱ्या हिश्शावर. खात्यात असं झालं असतं तर आम्ही मोजमापावर शंका घेतली असती.

पाणी आत घेणं हे हिचं खातं झालं तसं बाहेर सोडणं माझं झालं. सांडपाण्याची वेगळी टाकी असते. ती भरत आली की दारावरचे चार दिवे एकेक करून पेटतात. घरात आपण वापरलेलं पाणी मोरीच्या जाळीतून गेलं की मेलं. इथं ते आपल्याबरोबर डोंगर चढतं, वळणावर डचमळतं आणि चौथा दिवा लागला की मालकाला हाक मारतं. संडासाच्या डब्याला तिकडं ‘कॅसेट’ म्हणतात. आमच्या पिढीला कॅसेट म्हटलं की नाट्यगीतं आठवतात, तेव्हा पहिल्यांदा कॅसेट रिकामी करा असं ऐकलं तेव्हा मी टेप कुठाय ते शोधलं. सकाळी आठच्या सुमाराला तळावरचे सगळे पुरुष, त्यात निवृत्त साहेबलोकच जास्त, आपापली कॅसेट चाकांच्या बॅगेसारखी ओढत एका रांगेत येतात आणि एकमेकांना अदबीनं “गुटेन मॉर्गेन” म्हणतात. सांगलीत माझ्या पदाची पाटी दारावर होती; तिथं माझ्या हातात काय आहे हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणाचं काही म्हणणं नव्हतं. चौथ्या दिवशी मीही आधी अभिवादन करायला लागलो.

एका संध्याकाळी तळ मिळाला नाही. मुलानं फोनवर नियम सांगितला: रस्त्याकडेला अधिकृत जागी गाडी लावून चालकाची थकवा घालवण्यापुरती एक रात्र झोप चालते. पण बाहेर खुर्ची टाकलीत, छत पसरलंत की ते कॅम्पिंग, आणि ते चालत नाही. “म्हणजे झोपायचं, पण बसायचं नाही,” हिनं सार काढलं. आम्ही दोघं साडेसातलाच उजेडात झोपलो. कायदा पाळायला एवढा सोपा मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

आल्गॉय भागातल्या इस्नी या गावी आम्ही वाकडी वाट करून गेलो, कारण मुलानं एक गोष्ट सांगितली होती. आरिस्ट डेटलेफ्स नावाचा एक माणूस तिथं राहायचा. घरचा धंदा चाबूक बनवण्याचा, त्यामुळं विक्रीसाठी सतत फिरती. त्याची नियोजित वधू, फ्रिडल एडेलमान, चित्रकार. तिला त्याच्याबरोबर हिंडायचं होतं आणि वाटेत चित्रंही काढायची होती. म्हणून त्यानं १९३१ साली मोटारीला जोडायचं एक चाकांवरचं घर बांधलं. जर्मनीतला पहिला कॅरॅव्हॅन तोच मानतात. मला त्यातला चाबूक फार आवडला. खिलार बैलांच्या मुलखातून आलेल्या माणसाला आसूड विकणारा गडी लगेच ओळखीचा वाटतो. हिला आवडलं ते दुसरंच. “बायकोला न्यायचं म्हणून घर बांधलं बघा. तुम्ही सर्किट हाऊसला एकटेच जायचा.”

परत गाडीत बसल्यावर बराच वेळ आम्ही बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढं सांगलीतला हंगाम येत होता. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बैलगाडीत पत्रे, पाटा, कोंबड्या, एखादं तान्हं पोर. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. माणूस एकटा असला तर ‘अर्धा कोयता’. उचल मिळते ती कोयत्यावर. लग्न एवढ्या रोखठोक मापात मोजणारा दुसरा कुठलाही हिशेब मला माहीत नाही. त्यांच्या खोपीत पाणी घागरीनंच येतं आणि तेही दिवसभर तोडणी करून आलेल्या बाईच्या डोक्यावरून. हिच्या मनात बहुतेक तेच चाललं असावं. ही म्हणाली, “घरी चोवीस तास नळ असताना पाच हंड्यांत राहायला आपण किती पैसे भरले, ते कुणाला सांगू नका.” मी म्हटलं, “नाही सांगत.” आणि आम्ही पुढच्या वळणाला चुकलो.

शेवटचा मोठा मुक्काम पासाऊला. हे गाव मी निवडलं होतं. डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या तिथं मिळतात. आमच्या हरिपूरला कृष्णा-वारणा अशा दोनच, तेव्हा उत्सुकता होती. नदीकाठी जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुराच्या पातळ्या नोंदल्यात, सालासकट. सगळ्यात वर १५०१, आणि त्याच्या जवळपास पोचलेली २०१३ची, १२.८९ मीटर. जर्मनीत इतके किल्ले, चर्च, संग्रहालयं बघितली. पण घरी आल्यासारखं वाटलं ते त्या भिंतीपाशी. आमच्याकडं २००५, २०१९, २०२१ अशा रेघा गल्लोगल्ली आहेत. कुणाच्या फडताळावर, कुणाच्या देवघराच्या वर. मी तिथल्या तिथं फुटांत रूपांतर केलं. “बेचाळीस फूट! आपल्या आयर्विन पुलाला पंचेचाळीसला धोका पातळी. २०१९ला आपण सत्तावन्नच्या वर गेलो होतो!” दोन्ही ठिकाणचं शून्य वेगळं, ही तुलना अडाणीपणाची आहे, हे मला कुणी सांगायला नको, मीच प्रशिक्षणात ते शिकवायचो. पण १९२९ सालच्या पुलाचा अभिमान परदेशात जरा उसळतोच.

“पुराचा कसला मोठेपणा,” ही म्हणाली. मग मनोऱ्याकडं मान वर करून बघत राहिली. “दुष्काळाची रेघ कुणी मारत नाही,” असं काहीतरी पुटपुटली. मी पर्यटकांच्या गडबडीत नीट ऐकलं नाही असं दाखवलं, कारण तिला उत्तर देण्याजोगं आमच्या खात्याकडं काही नव्हतं.

गाडी परत द्यायच्या सकाळी करार वाचला. दोन्ही टाक्या रिकाम्या पाहिजेत. सांडपाण्याची मी केली. स्वच्छ पाण्याची बघतो तर चाळीसएक लिटर शिल्लक. बारा दिवस काटकसर करून शेवटी साठा उरला, म्हणजे आवर्तनाचं नियोजन फारच कडक झालं होतं. मी खाली वाकून झडप शोधली. एक खटका ओढला की सगळं पाणी गटाराच्या जाळीत. अर्ध्या मिनिटाचं काम.

“थांबा,” हिनं आतून सांगितलं. “विकत घेतलंय.”

मग मुलाच्या इमारतीसमोर, ज्या माणसानं कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचलल्याचे निरोप सांगलीला पोचवले, तो घडीची प्लास्टिकची बादली घेऊन खेपा घालू लागला. पहिली बादली दाराजवळच्या गुलाबांना. दुसरी कुंपणाच्या झुडपांना. तिसऱ्या खेपेला तळमजल्यावरच्या आजोबांनी खिडकी उघडली, माझ्याकडं पाहिलं, आकाशाकडं पाहिलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सगळी झाडं निथळत होती. मी त्यांना “गुटेन मॉर्गेन” म्हटलं आणि चौथी बादली लिंडनच्या बुंध्याशी अलगद ओतली.

“अजून दोन कळशा निघतील,” गाडीतून आवाज आला.